हिरव्या टाक्याचं गाठोडं

खीमदाचा काळा लोकरी कोट वर्षातून दोनदा माझ्या दुकानात येतो. चैत लागायच्या आधी शिवण उसवून घ्यायला, आणि चैत सरला की पुन्हा आवळून घ्यायला. मधल्या महिन्यात हा गडी किती घरी जेवला, ते मी त्याच्या कमरेवर टेप लावून सांगू शकते. गेल्या साली पावणेदोन इंच. मी म्हटलं, "खीमदा, असंच चाललं तर पुढच्या वर्षी कोटाला तंबूचं कापड जोडावं लागेल."

"जोड की भौजी. उन्हाळ्यात हिमाल बघायला येणाऱ्यांना भाड्यानं देऊ. दोन माणसं आरामात झोपतील आत."

नात्यानं तो माझा दीर, आमच्या ह्यांच्या चुलत्याचा मुलगा. पण सगळं काफलछीना गाव त्याला खीमदा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दिराला 'दा', म्हणजे मोठा भाऊ, म्हणते म्हणून सासूबाई चिडायच्या. त्या गेल्या, माझी सवय राहिली.

बाजारातून पायऱ्या उतरत गेलं की ओढा लागतो. तिथं त्याचं घराट आहे. पाण्याच्या जोरावर जातं फिरतं, आणि जात्याशेजारी खीमदा फिरतो. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानांतले केस पांढरे. त्यातलं वय किती आणि पीठ किती, हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. शाळेत तो तीन वर्षं गेला, त्यातली दोन मास्तरांच्या गाईमागे. त्यामुळे अक्षरओळख राहून गेली. गाय मात्र चांगली सांभाळली, असं मास्तर मरेपर्यंत सांगायचे.

चैतात ओढ्याचं पाणी आटतं. घराट दुपारपर्यंत कुरकुरत फिरतं आणि मग थांबतं. मग खीमदा कोट चढवतो, पाठीवर डालो घेतो, म्हणजे आमची वेताची मोठी टोपली, आणि लोकांच्या भिटौल्या पोचवायला निघतो.

चैतात भावानं बहिणीच्या सासरी जायचं. साडी, गोडधोड, घरचं तूप असं गाठोडं, हीच भिटौली, घेऊन जायचं, तिच्या हातचा टिळा लावून घ्यायचा, जेवायचं. ती मग त्याच दिवशी पुऱ्या तळते, तांदळाच्या पिठाची गोड सै परतते आणि सगळ्या बाखलीत, आमच्या घरांच्या ओळीत, दारोदार वाटते. ज्या घरातून ताट येतं त्या घरातल्या बाईला माहेर आहे, हे सगळ्यांना कळतं. पण आता भाऊ कुठे आहेत? कोणी रुद्रपूरच्या कारखान्यात, कोणी सीमेवर, कोणी दिल्लीत. त्यांना रजा नाही. ते जीपवाल्याच्या हाती गाठोडं पाठवतात, जीपवाला ते माझ्या दुकानात टाकतो आणि तिथून पुढे खीमदा.

हल्ली काही भाऊ फोनवरून पैसे टाकतात. खीमदाला ते पटत नाही. "पैसे पोचतात, मी कुठे नाही म्हणतो? पण बहिणीनं टिळा कुठे लावायचा? पैशाला कपाळ कुठंय?"

त्याचे नियम आहेत. गाठोडं उंबऱ्यावर ठेवून निघायचं नाही. आत बसायचं. टिळा लावून घ्यायचा. पोटात जागा असो नसो, पुरी खायची. भावानं जे सांगितलं तेच शब्द सांगायचे, पदरचा एकही घालायचा नाही. एका फौजी भावानं घाईत एवढंच सांगितलं होतं, "तिला म्हणावं, फोन चार्ज करत जा." खीमदानं त्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवळात आशीर्वाद द्यावा तशा आवाजात म्हटलं, "फोन चार्ज करत जा." ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. त्याच दिवशी तिनं फोन चार्ज केला.

हे वेड त्याला कधी लागलं ते मला माहीत आहे, कारण त्या साली मी नवी नवरी होते. त्याची मोठी बहीण पलीकडच्या डोंगरधारेवर दिलेली. घराटाचं पाणचाक मोडलं म्हणून खीमदा चैतात गेला नाही, बैसाखात गेला. तर बहिणीची सासू म्हणाली, महिनाभर ही अंगणाच्या भिंतीवर वाटेकडे तोंड करून बसत होती. बहिणीनं त्याला फक्त पाणी दिलं. खीमदा ते पाणी पिऊन आला आणि पुढच्या चैतापासून त्याची टोपली सुटली नाही. आपल्या बहिणीकडे पहिल्या दिवशी, मग इतरांकडे. ती बहीण जाऊन आता सहा वर्षं झाली. पहिल्या दिवशी तो अजूनही त्या वाटेनं जातो. तिच्या सुनेच्या हातची पुरी खातो आणि "मीठ जास्त झालं" म्हणून भांडून येतो.

आता माझ्या पापाकडे येते.

खीमदाला वाचता येत नाही, म्हणून गाठोड्यांवर मी खुणेचा टाका घालते. प्रत्येक घराचा टाका ठरलेला. लाल धाग्याच्या दोन गाठी म्हणजे खालच्या बाखलीतली नीमा. निळी रेघ म्हणजे देवळामागचं घर. हिरवी फुली म्हणजे माझी शेजारीण भागुली दीदी. ही हिरवी फुली मात्र नऊ वर्षं मी घातलीच नव्हती.

भागुली दीदीचं माहेर डुंगरा, नदीपलीकडे. तिच्या बापानं अंगणातला अक्रोड तिच्या नावानं ठेवला होता. दर आश्विनात तिच्या वाट्याचे अक्रोड पोतं भरून यायचे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या भावानं, हयातसिंहानं, नवं घर बांधलं आणि दारासाठी तोच अक्रोड पाडला. विचारलं नाही, सांगितलंही नाही. भागुली दीदी तिथं गेली, बुंधा बघितला आणि म्हणाली, "या दारातून मी आत पाऊल टाकणार नाही."

"दार तुझ्यासाठी केलेलंही नाही," हयातसिंह म्हणाला.

झालं. मुलगा फौजेत, घरात दीदी आणि तिची म्हैस, दोघीही तापट. नऊ चैत तिनं आमच्या सगळ्यांच्या पुऱ्या खाल्ल्या, आणि परत एकही देता आली नाही. पुरी घेताना ती ताटाकडे बघायची नाही. "ठेव तिथं," म्हणायची.

या चैतात एका दुपारी मशीनवर गाठोड्यांचा ढीग होता आणि समोर ब्लाउजचं माप द्यायला आलेली नवी मास्तरीण. तिनं विचारलं, "काकी, त्या वरच्या दारातल्या बाई एवढ्या गप्प का असतात?" मला कोणी असं विचारलं की माझं काय होतं ते गाव जाणतं. अक्रोडापासून दारापर्यंत सगळी कथा मी रंगवून सांगितली. तोंड भागुलीच्या घरात आणि हात नीमाच्या गाठोड्यावर. त्या हातानं तोंडाचं ऐकलं.

खीमदा आला, ढीग चाळला आणि एका गाठोड्यापाशी थांबला. मी तेव्हा नेमकी आत चहा टाकत होते. गुळाचा खडा तोंडात धरून त्यानं चहा प्यायला, तोही उभ्या उभ्या, आणि टोपली घेऊन असा निघाला की गुडघे कुणाकडून उसने आणलेत असं वाटावं.

तासाभरानं माझ्या दारात भागुली दीदी. अंगावर नवी जांभळी साडी, सोनेरी काठ, हातात ताट. ताटात पुऱ्यांचा डोंगर, सै वेगळी.

"घे," ती म्हणाली. "हयातनं पाठवलंय."

"काय म्हणाला?" मी विचारलं. माझ्यात तेवढी अक्कल असती तर मी काहीच विचारलं नसतं.

"खीमदा म्हणतो, निरोप काही नाही, नुसतं गाठोडं आलं. तो बोलणाऱ्यातला नाहीच मुळी. जेव, गार होतील."

ताटाकडे ती नीट बघत होती. प्रत्येक घरात तिनं दुप्पट दिलं होतं. नऊ वर्षांचं राहिलेलं देणं एका दुपारी फेडल्यासारखी ती बाखलीतून चालत गेली, आणि मी पहिली पुरी तोंडात घातली.

तेवढ्यात खालून नीमा धावत आली. लग्नाला दोन वर्षं झालेली पोरगी, अजून पायऱ्या उड्या मारत चढते. "काकी, माझं गाठोडं आलं का? दादाचा फोन आला होता. जांभळी साडी आहे म्हणे, सोनेरी काठाची."

ती पुरी माझ्या घशात अजून आहे असं वाटतं कधी कधी.

मी घराटाकडे पळाले. बावन्नाव्या वर्षी मी पळाले म्हणजे बाजारात लोकांना आग लागली असं वाटलं. खीमदा जात्याखालचं पीठ झाडूनं गोळा करत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"टाका कुठला होता?" त्यानं विचारलं.

"हिरवी फुली."

"मग मी बरोबर घरी पोचवलं," तो म्हणाला आणि हसला. मिशीतून पीठ उडालं. मग हसता हसता थांबला. कोटाच्या खिशातून त्यानं पानात गुंडाळलेल्या पुऱ्या आणि अक्षतांची पुडी काढून पोत्यावर ठेवली.

"हे काय?"

"हयातचा वाटा. भागुली दीदीनं त्याला पाठवलाय. आणि निरोप. म्हणाली, त्याला सांग, बैसाखाच्या पहिल्या दिवशी दार कसं झालंय ते बघायला येते."

मी पोत्यावर बसले. चैत संपायला सहा दिवस होते. सातव्या दिवशी दीदी नवी साडी नेसून त्या दारासमोर उभी राहणार, आणि हयातसिंह विचारणार, तू कशी काय आलीस? मी तर काही पाठवलं नाही.

"खीमदा, आपण गप्प बसू. तिला आनंद झालाय. तिच्या पायात काटा रुतला, म्हशीनं लाथ मारली, काहीतरी होईल, ती जाणार नाही."

"म्हशीच्या भरवशावर बसू म्हणतेस?"

"मग तिला आत्ताच खरं सांग."

"सांगेन. पण त्याच्यासाठी निरोप घेतलाय मी, भौजी. आधी ज्याचा निरोप त्याला पोचवतो. मग पुढचं."

तो मला एक शब्दही लागेलसा बोलला नाही. उलट मीच वाट बघत होते, की हा रागावेल आणि मला रडता येईल. तो म्हणाला, "तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी तरी विचारायचं होतं. पण हिरवी फुली दिसली आणि माझे पायच थांबेनात."

त्याच संध्याकाळी तो नीमाकडे गेला. बायकोनं भाचीसाठी ठेवलेली साडी, घरचं तूप आणि माझ्याकडचं ब्लाउजचं कापड, असं दुसरं गाठोडं घेऊन. काही लपवलं नाही. नीमानं ऐकलं आणि पोट धरून हसली. "म्हणजे माझी साडी नौल्यावर पाणी भरायला येते आणि मी तिला ओळख द्यायची नाही, असंच ना? चालेल. भागुली काकीला जांभळा रंग माझ्यापेक्षा बरा दिसतो."

दुसऱ्या सकाळी खीमदा डुंगऱ्याला गेला. नदीपर्यंत उतार, झुलता पूल, मग छातीवर येणारा चढ. त्याचा उजवा गुडघा या चढाला दर वर्षी शिव्या देतो, आणि या वर्षी तर वाटेत गारा पडल्या. तिथं काय झालं ते मला दोघांकडून कळलं, त्याच्याकडून थोडं आणि पुढे हयातसिंहाच्या बायकोकडून सगळं.

हयातसिंह अंगणात नांगराचा दांडा तासत होता. खीमदानं पुऱ्या पुढे केल्या. "भागुली दीदीनं पाठवल्यात. तुझ्या भिटौलीच्या."

"मी भिटौली पाठवली नाही."

"माहीत आहे. चूक झाली. दुसरीचं गाठोडं तिच्याकडे गेलं. पण पुऱ्या तुझ्या नावानं तळल्या, चौदा घरांनी तुझ्या नावानं खाल्ल्या. हा तुझा वाटा." आणि त्यानं दाराचा निरोप सांगितला, जसाच्या तसा.

हयातसिंहाचा दांडा हातातच राहिला. मग म्हणाला, "जाऊन सांग तिला. मी काही पाठवलेलं नाही."

"मी गाठोडी नेतो," खीमदा म्हणाला. "चपराका नेत नाही. तुझी चपराक तू ने."

"नेतोच! मी काय भितो? माझ्या तोंडानं सांगेन."

"चैत संपायच्या आत सांग. बैसाखाच्या सकाळी ती घरातून निघेल. त्याआधी तू आला नाहीस तर मला सांगावं लागेल, आणि मी सांगेन."

पुऱ्या हयातसिंहानं हातात घेतल्या नाहीत. खीमदानं त्या ओट्यावर ठेवल्या, पाणी प्यायला आणि उठला. तो वळणापर्यंत गेल्यावर हयातसिंहानं ओट्यावरची पहिली पुरी खाल्ली. हे बायकोनं खिडकीतून बघितलं.

पुढचे चार दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. भागुली दीदी नौल्यावर प्रत्येक बाईला सांगत होती, "माहेरी जाते म्हणते. नुसतं दार बघून येते." मला म्हणाली, "देबकी, जांभळ्या साडीवर ब्लाउज शिवून दे, चांगला." मी शिवला. तीनदा उसवला आणि तीनदा शिवला, कारण शिवून झाला की ती निघणार. खीमदा रोज संध्याकाळी पायऱ्या चढून यायचा आणि डुंगऱ्याच्या वाटेकडे बघायचा.

"नाही आला तर?" मी विचारायची.

"तर मी सांगेन. तिच्या पायापाशी बसून सांगेन."

"ती तुला पुन्हा दारात उभं करणार नाही."

"नाही करणार," तो म्हणायचा. त्याच्या यादीत तेहतीस घरं आहेत. त्यातलं एक कमी झालं तर याच्या जिवाला किती लागतं ते मला ठाऊक होतं. जेवण कमी झालं म्हणून नाही.

चैताच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक उंच, वाकलेला माणूस बाजारात आला. बूट चिखलानं भरलेले, टोपी भिजलेली, पाठीवर टोपली. काफलछीन्यात दुपारी कुत्रीसुद्धा झोपलेली असतात, त्यामुळे परका माणूस लगेच दिसतो. बाखलीची घरं नवी झालेली, त्याला ओळखू येईनात. माझ्या दुकानापुढे थांबला.

"भागुलीचं घर कुठलं?"

मी सुई केसात खोवली. "आपण कोण?"

"भाऊ तिचा."

"असं का. कशासाठी येणं केलंत?"

"भांडायला," हयातसिंह म्हणाला. "तिला सांगायचंय, ते गाठोडं मी पाठवलेलं नाही."

"बरं. आणि टोपलीत काय?"

तो जरा घुटमळला. "तूप. साडी एक. बायकोनं गोड पिठाचे खजूर तळून दिलेत." मग माझ्यावरच डाफरला, "चैत आहे ना? बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

मी हसू दाबलं ते पोटात दुखेपर्यंत. बोट दाखवलं. तेवढ्यात खालून खीमदा वर आला, कोट अंगात, सांगायला निघायच्या तयारीत. त्यानं हयातसिंहाची पाठ दारात शिरताना बघितली आणि माझ्या पायरीवर मटकन बसला. आम्ही दोघं कान देऊन बसलो. त्याला वाईट म्हणा की काही म्हणा.

आतून मग हयातसिंहाचा आवाज, शब्द कळले नाहीत. मग दीदीचा आवाज, तो तिसऱ्या बाखलीतही कळला असता.

"मग गेले सहा दिवस मी कुणाची साडी नेसून मिरवतेय?"

पुन्हा त्याचं काहीतरी.

"विचारायचं होतंस! एका शब्दानं विचारलं असतंस तर मी स्वतः कुऱ्हाड धरली असती!"

म्हैस ओरडली. खीमदानं माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं. पिठानं माझी बाही पांढरी झाली होती.

मग हयातसिंहाचा आवाज, या वेळी स्पष्ट. "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, असं वाटलं मला."

खीमदानं नाक वर करून हुंगलं. "भौजी," तो हळूच म्हणाला, "तेल तापलं."

मोहरीच्या तेलाचा वास आला, मग चर्र आवाज. थोड्या वेळानं भागुली दीदी झारा हातात घेऊन बाहेर आली. जांभळी साडी बदललेली, अंगावर भावानं आणलेली हळदी रंगाची. डोळे लाल, आवाज त्याहून लाल.

"देबकी! तुझ्या जिभेला मी एक दिवस टाका घालणार आहे. हिरवा! आणि खीमसिंह, तू लपू नकोस, दिसतोयस. चल आत. त्या दिवशी दुसरीची पुरी खाऊन गेलास. आज माझी खा."

"दीदी, कोटाला आता शिवण उरली नाही."

"मग कोट काढ."

त्यानं कोट काढला, माझ्या मांडीवर टाकला आणि आत गेला. त्या दुपारी दुसऱ्यांदा चौदा घरांत पुऱ्या गेल्या. नीमाला नीट घडी केलेली जांभळी साडी आणि वर सगळ्यात मोठं ताट.

दुसऱ्या दिवशी, बैसाखाच्या सकाळी, भाऊ पुढे आणि बहीण मागे असे दोघं डुंगऱ्याला गेले. माझा ब्लाउज जांभळ्या साडीसाठी शिवलेला, तो हळदी साडीवर तिनं तसाच घातला. कसा दिसला ते मी लिहीत नाही. तीन दिवसांनी परत आली ती खाली घराटावर, पाठीवर नवं गाठोडं. वहिनीनं दिलेलं धान्य दळायला. मीही तिथंच होते, अर्थातच.

"दार कसं झालंय, दीदी?" खीमदानं जात्यात धान्य ओतत विचारलं.

"लाकूड चांगलं आहे. बापानं लावलेलं, चांगलं असणारच," ती म्हणाली. "पण उंची कमी ठेवलीय मूर्खानं. आत जाताना डोकं वाकवावं लागतं. मी त्याला सांगून आलेय, पुढच्या चैतात मला बोलवायला आलास तर आधी दार दोन बोटं वर घे."

खीमदा जात्यावर ओणवा झाला आणि पीठ बघू लागला. त्याच्या पापण्यांवरही पीठ होतं, म्हणून डोळे पुसायला त्याला कारण मिळालं.

कोट माझ्याकडेच आहे. कमर मोजून झाली. या साली दोन इंच.